लढाई सोपी कर, पण नकाशा हातानेच काढ

आधी प्रश्न पुन्हा लिहिते, म्हणजे मधेच वाचणाऱ्यालाही कळेल. खारघरचा मुलगा आहे, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला, रोज ट्रेनने ठाण्याला ये-जा करतो, निन्टेंडोचं सेकंडहँड स्विच मशीन घेतलंय आणि विचारतोय की ‘इट्रियन ओडिसी’ या चक्रव्यूहाच्या गेमची २०२३ ला आलेली एचडी आवृत्ती घेऊ की कुठूनतरी निन्टेंडोचंच जुनं थ्रीडीएस मशीन शोधून त्यावरचा याच गेमचा नवा अवतार ‘अनटोल्ड’ खेळू. कारण काही जणांनी त्याला सांगितलंय की ऑटोमॅपमुळे, म्हणजे नकाशा मशीनच काढतं म्हणून, एचडीत काही मजा उरली नाही, आणि काही जणांनी सांगितलंय की गेम इतका अवघड आहे की लोक दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यावरच सोडून देतात. तुला अरेतुरे करतेय, राग मानू नकोस, माझा भाचा तुझ्याच वयाचा आहे.

मला तुझा प्रश्न नीट वाचल्यावर असं वाटलं की कुठली आवृत्ती हा खरा प्रश्नच नाहीये. तुला भीती दोन गोष्टींची आहे, एक म्हणजे गेम झेपणार नाही आणि दुसरी म्हणजे झेपेल एवढा सोपा केला तर त्यात काही उरणार नाही. या दोन्ही भीती खऱ्या आहेत पण त्या वेगवेगळ्या ठिकाणच्या आहेत, आणि लोक त्यांची गल्लत करतात. लढाई अवघड असणं ही एक गोष्ट आणि नकाशा स्वतः काढावा लागणं ही अगदी दुसरी गोष्ट. पहिली खुशाल सोपी करून घे. दुसरी मात्र सोडू नकोस, एवढंच माझं म्हणणं आहे, आता का ते सांगते.

मी कुठल्या अनुभवावर बोलतेय ते आधी सांगायला हवं. डीएस या निन्टेंडोच्या आणखी जुन्या मशीनवरचा मूळ गेम मी पहिल्यांदा खेळले त्याला आता बरीच वर्षं झाली, तेव्हापासून तिन्ही डीएसचे भाग, थ्रीडीएसवरचे दोन्ही अनटोल्ड आणि मग एचडी असं सगळं खेळून झालंय, पहिला भाग तर चार वेळा. आणि पोटापाण्यासाठी मी ड्राफ्टिंग करते, नौपाड्यात राहते, ऑफिस तुर्भ्याला, काम मुख्यतः जुन्या बिल्डिंगांचं मोजमाप घेऊन त्यांचे प्लॅन काढण्याचं. म्हणजे दिवसा पण नकाशा आणि ट्रेनमध्ये पण नकाशा. हे मुद्दाम सांगतेय कारण पुढे त्याचा संबंध येणार आहे.

ज्यांना गेम माहीत नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. ॲटलसने हा गेम २००७ मध्ये निन्टेंडो डीएससाठी काढला. इट्रिया नावाचं गाव, गावाखाली एका महावृक्षाचा चक्रव्यूह, तुम्ही पाच जणांची टोळी बनवून एकेक मजला खाली उतरायचं. पाच मजल्यांचा एक स्ट्रॅटम, असे पाच स्ट्रॅटम मुख्य कथेत आणि त्यानंतर अजून एक, म्हणजे एकूण तीस मजले. डीएसला दोन स्क्रीन होते, वरच्यावर जंगल दिसायचं आणि खालच्यावर कोरा चौकटींचा कागद. पाऊल तुम्ही टाकायचं आणि भिंतीची रेघही तुम्हीच स्टायलसने ओढायची. १९८१ च्या विझर्ड्री या कॉम्प्युटर गेमच्या काळात लोक खराखुरा ग्राफ पेपर घेऊन बसायचे, तो ग्राफ पेपर या लोकांनी मशीनच्या आत घातला.

आता गेमचा स्वतःचा नकाशाबद्दल काय विचार आहे ते एका गोष्टीवरून कळतं. पहिलंच मिशन घे. गावातून तुम्हाला राक्षस मारायला पाठवत नाहीत, पहिल्या मजल्याच्या एका भागाचा नकाशा काढून आणा म्हणतात, तिथला शिपाई तो तपासतो आणि मग पुढे सोडतात. आणि मूळ डीएसच्या गेममध्ये टोळी मेली की शेवटच्या सेव्हनंतरची लेव्हल, माल, पैसे सगळं जायचं, पण गेम ओव्हरच्या आधी मशीन एक प्रश्न विचारायचं, नकाशा तेवढा सेव्ह करू का. मी पहिल्यांदा तो प्रश्न बघितला तेव्हा कोपरखैरणे स्टेशन आलं होतं आणि मी दारात उभी राहून बघतच राहिले, कारण दीड तासाची मेहनत गेली होती आणि तरी ती गेली नव्हती. मेलेल्या लोकांनी काढलेला नकाशा घेऊन पुढच्या खेपेला मीच आत गेले. ज्या गेमने सगळं हिरावून फक्त नकाशा ठेवला त्या गेमचं मन कशात आहे हे वेगळं सांगायला नको.

आता माझ्या कामातलं उदाहरण देते. जुनी बिल्डिंग मोजताना आम्ही आधी हाताने कच्चा प्लॅन काढतो, एकेका खोलीचं माप टाकत जातो. समजा बाहेरून भिंत तीस फूट भरली आणि आतल्या खोल्या आणि भिंतींची जाडी मिळून सत्तावीसच झाली, तर तीन फूट कुठे गेले हा प्रश्न कागदच तुम्हाला विचारतो. मग जाऊन ठोकून बघायचं, तिथे बहुतेक वेळा बंद केलेली डक्ट निघते नाहीतर कोणीतरी बुजवलेलं कपाट. फोटो काढून किंवा नुसतं चालून हे कधीच लक्षात येत नाही. रेघ ओढताना हात थांबतो तेव्हाच लक्षात येतं.

इट्रियन ओडिसीत हेच होतं, अगदी तसंच. चक्रव्यूहात झुडपांच्या भिंतींमध्ये लपलेल्या फटी असतात, एका बाजूने त्यातून पलीकडे गेलात की ती वाट कायमची मोकळी होते आणि परतीचे चाळीस पावलांचे फेरे वाचतात. या फटी जंगलात चालताना सहज नजरेतून सुटतात. पण तू नकाशा काढत असशील तर तुला दिसतं की ही बोळ आणि ती बोळ यांच्यामध्ये फक्त एका भिंतीचं अंतर आहे, किंवा मधोमध चार बाय तीनचा कोरा चौकोन राहिलाय आणि चारही बाजूंनी मी फिरून आलेय. तिथे काहीतरी असणारच. मग तू त्या भिंतीकडे तोंड करून एकेक पाऊल सरकतोस आणि सापडतं. तो जो क्षण आहे ना, तो ऑटोमॅपवर येत नाही असं नाही, पण येतो तो अर्धामुर्धा, कारण कोरा चौकोन तुझ्या हाताने कोरा राहिलेला नसतो.

म्हणून आता आवृत्त्यांवर येते.

एचडीमध्ये नकाशाच्या सेटिंगला पर्याय आहेत. सगळं हाताने काढता येतं, चाललेली जमीन आपोआप रंगवून भिंती आपण काढायच्या असं ठेवता येतं, आणि जमीन-भिंती दोन्ही आपोआप असंही करता येतं. पण दारं, जिने, खजिन्याच्या पेट्या, फटी यांची चिन्हं तुम्हालाच ठेवावी लागतात. म्हणजे ‘ऑटोमॅपने जीव गेला’ हे बोलणं बरोबर नाही, ते सेटिंग आहे, सक्ती नाही. तू मधला पर्याय ठेव, जमीन आपोआप, भिंत हाताने. पूर्ण हाताने करायला मी सांगत नाहीये कारण तू ट्रेनमध्ये खेळणार आहेस, आणि नेरुळनंतर गाडीला जे धक्के बसतात त्यात एकेक चौकट रंगवत बसणं म्हणजे नुसती चिडचिड. भिंतीची रेघ ओढणं मात्र जमतं आणि डोकं चालतं ते तिथेच.

स्विचवर हातात धरून खेळताना टचने काढता येतं, पण बोटाने काढू नकोस, चौकटी बारीक आहेत आणि बोट जाड, दोन रेघा एकदम पडतात. मोबाईलवर चालणारा रबरी टोकाचा किंवा चकतीवाला स्टायलस घे, स्टेशनरीच्या किंवा मोबाईल ॲक्सेसरीच्या दुकानात मिळतो. डीएसचा जुना प्लॅस्टिकचा स्टायलस स्विचवर चालत नाही, त्या स्क्रीनचा प्रकार वेगळा होता, दाबावर चालायचा. आणि स्टायलसला दोरा बांध. माझा एक ऐरोलीला फूटबोर्डवरून खाली गेला.

लढाईच्या बाबतीत एचडीत पिकनिक, बेसिक आणि एक्स्पर्ट अशा तीन पातळ्या आहेत. तू बेसिकवर सुरू कर, आणि एखाद्या ठिकाणी तीन-चार वेळा मेलास की बिनधास्त पिकनिकवर टाक, त्यात कमीपणा काही नाही. मी स्वतः पहिल्यांदा खेळले तेव्हा असा पर्यायच नव्हता आणि विषारी फुलपाखरांनी माझी टोळी सुरुवातीच्या मजल्यांवर किती वेळा मारली याचा हिशोब नाही. पहिल्या भागात सुरुवातीला विष फार लागतं, लढाईच्या दोन-तीन फेऱ्यांत माणूस आडवा. त्या मरण्यातून मी काही शिकले असं मला प्रामाणिकपणे वाटत नाही, पैसे जमेपर्यंत त्याच दोन बोळांत फेऱ्या मारल्या एवढंच. ज्याला खरंच डीएसच्या काळचा चटका हवा त्याच्यासाठी एक्स्पर्ट आहेच.

एक अपवाद मात्र आहे, एफओई. हे लोक लढाई म्हणून घेतात आणि तिथेच चुकतात. एफओई म्हणजे मजल्यावर उघड फिरणारे मोठे शत्रू, एचडीतही पहिल्या तीन भागांत ते तरंगत्या गोळ्यासारखे दिसतात, नकाशावरही दिसतात. तू एक पाऊल टाकलंस की तोही एक पाऊल टाकतो. तू दुसऱ्या कुणाशी लढत असलास तर लढाईच्या प्रत्येक फेरीला तो सरकतो आणि सरकत सरकत तुझ्याच लढाईत येऊन घुसतो. पहिल्या स्ट्रॅटममध्ये काळविटासारखा एक येतो, रॅगेलोप. बहुतेक जण त्याच्याशी लढतात, मरतात आणि गेम बंद करून मोकळे होतात. त्याच्याशी लढायचंच नाहीये रे, निदान तेव्हा तरी नाही. तो कोडं आहे. लांब उभं राहून बघायचं तो कुठून कुठे जातो, किती पावलांनी वळतो, आणि ते नकाशावर लिहायचं. माझ्याकडे अजून ती चौकटीची वही आहे, शाळेची गणिताची असते ती, त्यात मी गेमच्या नकाशाशिवाय वेगळं लिहायचे कारण मशीनमध्ये मराठी टाइप होत नव्हतं. एका पानावर लिहिलंय, ‘हरीण खाली येतं, पाच मोज, मग डाव्या खोपच्यात घुस, दोन थांब, मग पळ.’ आणि त्याच्याखाली दुसऱ्या दिवशीच्या पेनने, ‘पाच नाही सहा.’ या दोन ओळींत मला जेवढी मजा आली तेवढी त्या मजल्यावरच्या सगळ्या लढाया मिळून आली नाही. पिकनिकवर खेळतोयस म्हणून एफओईला सरळ जाऊन भिडू नकोस, आधी एकदा तरी त्याला चुकवून दाखव.

आता अनटोल्ड. ‘द मिलेनियम गर्ल’ हा पहिल्या भागाचाच थ्रीडीएसवरचा नवा अवतार, २०१३ चा. हा वाईट आहे असं अजिबात नाही, उलट बऱ्याच बाबतींत जास्त पॉलिश्ड आहे. कथा मोड आहे, त्यात ठरलेली पाच माणसं, फ्रेडरिका नावाची बंदूकवाली मुलगी वगैरे, त्यांची बोलणी चालतात, एक नवीन डंजन, म्हणजे चक्रव्यूहासारखी जागा, आहे ग्लाडशाइम म्हणून. क्लासिक मोडही आहे ज्यात तू स्वतः टोळी बनवू शकतोस. एफओई गोळ्यांऐवजी खरेखुरे प्राणी दिसतात. युझो कोशिरोंचं संगीत नव्याने वाजवून घेतलंय आणि हवं तर जुनं डीएसचं लावता येतं, ते जुनं त्यांनी पीसी-८८०१ या आठ बिटच्या जपानी कॉम्प्युटरच्या आवाजांवर बांधलेलं होतं आणि मला आजही तेच जास्त आवडतं. ज्याला कथेशिवाय गेम खेळवत नाही त्याला मी अनटोल्डच सांगेन. हे तुझ्यावर अवलंबून आहे. तुला पात्रं बोलताना, एकमेकांशी भांडताना हवी असतील तर एचडीचा पहिला भाग तुला मुका वाटेल, कारण त्यात तुझी पाच माणसं एक शब्द बोलत नाहीत, त्यांची नावं, स्वभाव, सगळं तुझ्या डोक्यात.

पण व्यवहाराचं बघ. थ्रीडीएसचं ऑनलाइन दुकान मार्च २०२३ मध्ये खरेदीसाठी बंद झालं, म्हणजे आता जुनी कार्टरिजच शोधायची. आणि थ्रीडीएस रीजन लॉक आहे. अमेरिकन मशीनवर युरोपचं कार्टरिज चालत नाही, जपानी तर नाहीच. डीएसच्या वेळी ही भानगड नव्हती म्हणून जुनी माणसंही गाफील राहतात. मी स्वतः एका विक्रेत्याकडून अनटोल्ड मागवलं, फोनवर दोनदा विचारलं, तो म्हणाला कुठल्याही मशीनवर चालतं, आलं ते युरोपचं आणि माझं मशीन अमेरिकन. पैसे परत मिळाले नाहीत. चार महिन्यांनी दुसरीकडून योग्य ते मिळालं तेव्हा दुप्पट खर्च झाला होता. मागवायच्या आधी कार्टरिजच्या लेबलचा आणि मशीनच्या मागच्या बाजूचा असे दोन्ही फोटो मागव, दोन्ही एकाच रीजनचे आहेत का ते स्वतःच्या डोळ्यांनी बघ. आणि सेकंडहँड थ्रीडीएसचा बिजागर हलवून बघ, उघड-मिट करताना स्क्रीन लुकलुकला तर घेऊ नकोस.

तुझ्याकडे स्विच आधीच आहे. म्हणून एचडी. तिन्ही भाग एकत्र बाजारात आले तेव्हा ७९.९९ डॉलर किंमत होती आणि सुटा एक ३९.९९, म्हणजे दोनच्या भावात तीन. तरी मी म्हणेन पहिल्यांदा एकच घे, पहिला, आणि सेलमध्ये घे, घाई काय आहे. लोक तिसरा भाग सर्वांत चांगला म्हणतात, समुद्रातली सफर आहे, एका माणसाला दोन क्लास, म्हणजे दोन पेशे, देता येतात, मलाही तो फार आवडतो, पण त्यात विचार करायला एवढ्या गोष्टी आहेत की नवीन माणसाचं लक्ष नकाशावरून उडतं. घरी लॅपटॉप असेल तर स्टीम या पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानातही आहे, रुपयात आणि यूपीआयने घेता येतो, आणि चौदा दिवसांच्या आत दोन तासांपेक्षा कमी खेळला असशील तर परत करता येतो. दोन तासांत पहिला मजला आणि थोडा दुसरा होतो, आवडतंय की नाही हे कळायला तेवढं पुरतं. माउसने रेघा तर झकास येतात. पण तुझे रोजचे दोन प्रवास बघता स्विचच बरा, कारण हा गेम तुकड्यातुकड्यात खेळायला बनलाय, बटण दाबून झोपवला, ठाणे आलं, उतरला.

टोळीबद्दल थोडक्यात सांगते, कारण यावर लोक पानंच्या पानं लिहितात आणि नवीन माणूस घाबरतो. पुढे लँडस्नेक्ट (तलवारवाला) आणि प्रोटेक्टर (ढालवाला), मागे मेडिक (बरं करणारा), अल्केमिस्ट (जादूवाला) आणि सर्व्हायव्हलिस्ट (धनुष्यवाला). एवढ्यावर पहिला स्ट्रॅटम निघतो. रोनिन आणि हेक्सर हे दोन क्लास नंतर उघडतात, त्यांची आत्ता काळजी नको. मेडिक नको म्हणून डोकं चालवू नकोस, पहिल्या भागात मेडिक हा पाया आहे. स्किल पॉइंट प्रत्येक लेव्हलला एकच मिळतो म्हणून पाच ठिकाणी एकेक टाकण्यापेक्षा प्रत्येकाचं एक काम ठरव आणि त्यातच टाक. दुकानात नवीन हत्यारं आपोआप येत नाहीत, तू आतून आणलेला माल विकलास की त्यातून बनतात, त्यामुळे शिंगं, कातडी, साली काही जपून ठेवू नकोस, सगळं विक. गिल्डमध्ये, म्हणजे गावात जिथे टोळ्या बनवतात तिथे, सर्व्हायव्हलिस्टची एक वेगळी टोळी बनवून ठेव, नुसती झाडं तोडायला आणि खाणीतून माल आणायला, पैशाची चणचण त्याने सुटते. गावातल्या मुक्कामाच्या सराईत राहायचा खर्च लेव्हलबरोबर वाढत जातो, हे आधी कळलं तर पुढे धक्का बसत नाही.

आणि एरियाडनी थ्रेड. याने एका झटक्यात गावात परत येता येतं. गावातून निघताना बॅगेत एक आहे की नाही हे दरवेळी बघायचं, घरातून निघताना पास बघतो तसं. तो वापरून परत आलास की पहिलं काम दुसरा विकत घेणं, झोपणं नंतर.

थोडं मागे जाऊन एक राहिलेलं सांगते, कारण तू लिहिलं होतंस की ‘मला चित्रकला येत नाही, नकाशा बिघडला तर?’ नकाशा बिघडणारच. माझा पहिल्या भागाचा तिसरा मजला एक चौकट डावीकडे सरकलेला होता, जिन्याची जागा चुकीची मोजली होती, आणि ते मला अर्धा मजला झाल्यावर कळलं. सगळं खोडलं नाही, जिथे चूक झाली तिथे एक खूण ठेवली आणि तिथून पुढे बरोबर काढलं. ऑफिसातही नवीन मुलं येतात ती रेघ चुकली की पूर्ण शीट फेकतात, त्यांना मी हेच सांगते की चूक कुठे झाली ते आधी शोध, कारण तिथेच बहुतेक वेळा काहीतरी वेगळं असतं, तिरकी भिंत असते, नाहीतर पायरी. गेममध्येही चूक झाली की बघ, तू खरंच चुकलास की त्या बोळीत तुला न दिसलेलं एक वळण आहे.

नकाशा काढताना माझी एक सवय आहे ती घे. कुठलीही बोळ अर्धवट सोडून वळलास तर तिच्या तोंडाशी खूण कर, एकच ठरलेली खूण, आणि मजला सोडायच्या आधी त्या खुणा मोज. शून्य झाल्या तरच जिना उतर. लहानसं काम आहे पण खारघर ते ठाणे एवढ्या वेळात एक-दोन खुणा आरामात मिटतात, आणि उतरल्यावर पुढच्या खेपेला कुठून सुरू करायचं हे शोधायला वेळ जात नाही.

पहिला मजला झाला की त्याचा स्क्रीनशॉट इथे टाक. जमीन आपोआप, भिंती हाताने, पातळी बेसिक. मी रात्री घरी आल्यावर बघते, आणि कुठली फट सुटली असेल तर ती कुठे आहे ते सांगणार नाही, फक्त कुठल्या कोपऱ्यात बघायचं तेवढं सांगेन.